पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, बाबा म्हणायचे,
पैशाचं नाही येत.
आणि मी गेले सात महिने
गंगापूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर
(खाली रसवंती, वर क्लासेस)
नेमकं तेच करते आहे.

फोनला शिकवते : तू आता फोन नाहीस.
कार्ड आहेस. गप्प पडून राहा.
मशीन चार बोटांवर आलं
की विचारेल तेवढंच बोल.

मशीन विचारतं, कोण?
फोन सांगतो, कार्ड.
कुठलं?
इथे फोन अडखळतो.
स्क्रीनवर उमटतं सहा-ए-आठ-दोन,
म्हणजे फाईल सापडली नाही.
तलाठ्याकडे ऐकू येतं तसंच,
फक्त इथे 'उद्या या' म्हणत नाही कुणी.

सोंग वठायचं तर नुसता रंग पुरत नाही,
आत किल्ली लागते.
ती असते एका चिपमध्ये,
करंगळीच्या नखात मावेल एवढ्या खोलीत.
फोन माझा, कोड माझा,
त्या खोलीचं दार मात्र
फोन बनवणाऱ्यांचं.
इतकी वर्षं बंदच होतं.
आता उघडतो म्हणतात :
एकोणचाळीस पानांचा करार,
दर वर्षाची फी,
आणि आधी सांगा, तुम्ही कोण.

मी कोण?
वाल्मीक सानप, आमचा टेस्टर, म्हणाला,
लिही ना, जेलरोडची, प्रेसवाल्याची पोरगी.

लिहावंसं वाटलं खरंच.
एकतीस वर्षं बाबा नोटांच्या प्रेसमध्ये.
सकाळी भोंग्याला आत,
संध्याकाळी झडती देऊन बाहेर :
खिसे उलटे, डबा उघडा, हात वर.
घरी आली ती नखांतली शाई,
तीही आई रॉकेलने काढायची.
आम्ही विचारायचो, आज किती छापले?
बाबा विचारायचे, भाजी काय केलीय?
शेजारच्या मुठाळकाकूंना वाटायचं,
आमच्या घरात कोऱ्या नोटांचा वास येत असणार.
यायचा तो मेथीचा.

चिपचंही असंच आहे, मी त्यांना सांगितलं.
किल्ली कधीच बाहेर येत नाही.
आत प्रश्न पाठवायचा,
उत्तर तिथेच तयार होतं,
आणि बाहेर येतं ते एकदाच चालणारं.
कुणी ऐकून पुन्हा म्हटलं
तर मशीन ओळख देत नाही.
बाबांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.
"म्हणजे झडती आहे."
"आहे."
"मग ठीक."

परवानगी आली एका मंगळवारी,
आणि रात्री पावणेअकराला
मशीनवर नऊ-शून्य-शून्य-शून्य.
नऊ हजार! वाल्मीक ओरडला,
तो आवाज फोनमधून जेलरोडपर्यंत.
"कुणाला मिळाले?" बाबा.
कुणाला नाही हो,
'बरोबर' असं म्हणायचा तो आकडा आहे.
बराच वेळ काही नाही. पंख्याची घरघर.
मग, आतलं असं पहिल्यांदाच :
"कागदानेही सोंगच घेतलेलं असतं गं.
आम्ही ते वठेपर्यंत उभे राहायचो.
जेवलीस का?"

चार महिन्यांनी, चाचणीच्या पहिल्या गाडीत
बाबांना घेऊन बसले,
बसले कसली, उभीच,
बिटको ते शालिमार.
कंडक्टरने मशीन पुढे धरलं.
तवा तापलाय का बघावं
तसा बाबांनी फोन लावला, लगेच ओढला.
टिट्.
दोन तिकिटं.
पाकीट निघालं नाही, सुट्ट्यांवरून वाद नाही,
मागचा माणूस पुढे सरकला.

आणि बाबांनी
फोन खिशात टाकून
दोन्ही हात वर केले.
तसेच उभे,
कुणीतरी चाचपून 'जा' म्हणेपर्यंत.

"काका," कंडक्टर म्हणाला,
"दांडा धरा. गाडी निघाली."